हळद सांगायची राहून जाते

साताऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे आणि माझं माहेर सांगलीजवळचं हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळदीच्या पेवांचं गाव. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हंगामात सौदे उरकून घरी आले की त्यांचा सदरा, टोपी, हाताच्या रेषासुद्धा पिवळ्या असत. आम्हा भावंडांची शिक्षणं त्या पिवळ्या धुळीवर झाली, माझं फार्मसीचंही. त्यामुळे हळदीच्या बाबतीत जपून राहा असं काही लिहायला बसलं की आधी माहेरची माणसं डोळ्यांपुढे येतात. त्यांनी वाईट वाटून घ्यावं असं यात काही नाही, हे सुरुवातीलाच सांगते. मी लिहिते आहे ते बाटलीतल्या कॅप्सूलबद्दल. मिसळणाच्या डब्यातल्या हळदीशी माझं काही भांडण नाही. पण या दोहोंतला फरक आपल्याच भागात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा त्रास झालेली माणसं मी काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत.

चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला मी विचारते, "आणखी कसली औषधं चालू आहेत?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही." मग मी जरा खोदते. "हळदीच्या गोळ्या, काढा, कसली पावडर?" तेव्हा समोरचा हसतो. "आवं ताई, त्ये काय औषध हाय व्हय? हळदच की ती!" एखादी आजी तर मलाच समजावते की जन्मल्यापासनं खातोय, काय झालं का आम्हाला? तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती म्हणते ते खरंच आहे. घसा धरला की दुधात हळद, खरचटलं की चिमूटभर हळद, लग्नात हळद, पालीच्या खंडोबाच्या यात्रेत तर माणसं, वाटा, देवळाचे कळस सगळं हळदीनं माखलेलं. जी वस्तू आपण देवाला वाहतो तिच्याबद्दल डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या मनात तरी कसं येणार? केसपेपरवर रक्तदाबाची गोळी लिहिली जाते, साखरेची लिहिली जाते. हळदीची कॅप्सूल सांगायचीच राहून जाते.

हे पूर्वी चाललं, कारण पूर्वी सांगण्यासारखं काही नव्हतं. कोरोनाच्या साथीत चित्र बदललं. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं प्रतिकारशक्तीसाठी जो घरगुती सल्ला दिला त्यात दीडशे मिलीलीटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एकदा किंवा दोनदा, असं होतं. तो सल्ला मापात होता. लोकांनी मात्र त्यातली हळद तेवढी उचलली आणि माप सोडलं. कुणी सकाळी अनशापोटी चमचा-चमचा भुकटी पाण्याबरोबर गिळू लागलं. कुणाच्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी ऑनलाइन बाटल्या मागवून दिल्या. साथ ओसरली, पण बाटल्या आमच्या फळीवरून आणि लोकांच्या उशाजवळून हलल्या नाहीत.

या बाटलीत नेमकं काय असतं ते मी गिऱ्हाइकांना कागदावर आकडे मांडून दाखवते, कारण आपल्याकडची माणसं हिशेबाला मान देतात. हळदीतला जो पिवळा औषधी घटक, ज्याला कुरकुमिन म्हणतात, तो भुकटीत साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतो. जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे थोडा कमीजास्त. चहाच्या अर्ध्या चमच्यात दीड ग्रॅम हळद धरली तर कुरकुमिन झालं पंचेचाळीस मिलीग्रॅम. कॅप्सूल असते पाचशे मिलीग्रॅमची आणि वर लिहिलेलं असतं "९५ टक्के". म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पावणेपाचशे मिलीग्रॅम, दोन घेतल्या की साडेनऊशे. एवढं कुरकुमिन घरच्या हळदीतून मिळवायचं तर रोज तीस ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल, भरगच्च दहा-अकरा चमचे. असं कालवण आजवर कुठल्या सुगरणीनं केलं आहे? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं खाद्यरंग म्हणून कुरकुमिनची जी रोजची मर्यादा ठरवली आहे ती शरीराच्या दर किलोमागे तीन मिलीग्रॅमपर्यंत आहे. साठ किलोच्या माणसाला १८०. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याचा विचार करून मुद्दाम हात राखून ठरवलेली असते आणि काही चाचण्यांमध्ये माणसांना थोड्या काळासाठी याहून कितीतरी जास्त मात्रा देऊन पाहिलेली आहे, हेही खरं. पण त्या चाचण्या डॉक्टरांच्या नजरेखाली झालेल्या असतात. आपले काका बाटली स्वतःच उघडतात आणि महिनोन् महिने घेतात.

त्यात मिरी येते. कुरकुमिन आतड्यातून सहजासहजी रक्तात उतरत नाही, आणि जे उतरतं ते यकृत लगेच बाहेर टाकतं. आजीच्या "जन्मल्यापासनं खातोय" मागचं एक कारण हेही आहे. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिरीतलं पिपरिन फक्त वीस मिलीग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कुरकुमिन सुमारे वीसपट वाढतं. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालायची रीत पडली आणि पाकिटावर ते मोठ्या अक्षरांत मिरवायचीही. मात्र पिपरिन हे काम करतं ते शरीराची साफसफाईची यंत्रणा मंदावून, आणि ती यंत्रणा एकट्या कुरकुमिनसाठी नसते. फिटच्या आजारावरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफायलिन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांचंही रक्तातलं प्रमाण पिपरिननं वाढल्याचं नोंदलं गेलं आहे. ज्याची फिटची गोळी डॉक्टरांनी तोलूनमापून बसवली आहे त्यानं मिरीवाली कॅप्सूल सुरू केली तर तो तोल बिघडू शकतो. रसमातल्या मिरीनं हे होत नाही, एवढं लगेच सांगून टाकते; नाहीतर लोक स्वयंपाकच बदलतात.

कोरेगाव बाजूचे एक गृहस्थ दर महिन्याला आमच्याकडून औषधं नेतात. हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची असिनोकुमारॉल ही गोळी जन्मभराची आहे. अशा माणसाला पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी ठरावीक दिवसांनी करावीच लागते, कारण रक्त जास्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी, जास्त पातळ झालं तर रक्तस्राव. एकदा पैसे देताना त्यांच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग दिसले. पडलात का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाले. दात घासताना रक्त येतं, हे मात्र आपणहून सांगितलं. बोलता बोलता कळलं की मुलीनं गुडघ्यासाठी हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. तपासणी करून घ्यायला लावलं. आकडा त्यांच्या ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ वर गेला होता. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, गोळीची मात्रा सावरली आणि पुढच्या काही आठवड्यांत आकडा खाली आला. सगळा दोष एकट्या हळदीचा होता असं मी म्हणणार नाही. त्याच दिवसांत त्यांचं जेवणही कमी झालं होतं आणि त्यानंही आयएनआर हलतो. पण हळद रक्तातल्या चकत्यांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही हे माहीत असलेलं आहे. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एक इशारा दिला होता: वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णानं हळदीचं पूरक औषध सुरू केल्यावर त्याचा आयएनआर दहाच्या वर गेला. दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा आकडा दहावर जाणं म्हणजे कुठेही, कधीही रक्तस्राव होण्याची भीती. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे अशी कॅप्सूल थांबवायला सांगतात तेही याच कारणानं.

दुसरी हकिगत वाई तालुक्यातली. त्या निवृत्त शिक्षिका. घरचीच शेती, थोडी हळदही असते. सांधे दुखायचे म्हणून कुणी सुचवल्यावरून मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल सुरू केली. काही महिने गेले. मग अन्नावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी होऊ लागली, डोळे पिवळे झाले. घरच्यांनी आपल्या रीतीनं सगळं पथ्य पाळलं. काविळीत पिवळं खायचं नाही, म्हणून भाजी-आमटीतली हळद बंद, तेल बंद. सून आमच्याकडे लिव्हरचं टॉनिक न्यायला आली तेव्हा म्हणाली, "आईंचं जेवण मी वेगळं करते, हळदीचा कणही घालत नाही." मी विचारलं, आणि गोळ्या? बाकीच्या बंद केल्या म्हणाली, हळदीच्या तेवढ्या चालू ठेवल्या आहेत. यकृताला चांगल्या असतात ना त्या.

मी ते टॉनिक दिलं नाही. त्यांना त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं, बाटलीसकट. यकृताचे एन्झाइम्स फार वाढलेले होते. काविळीचे जे विषाणू असतात, ए, बी, सी, ई, त्यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत पित्ताचा मार्ग मोकळा होता. कॅप्सूल थांबवल्यावर आठवड्यामागून आठवडा आकडे उतरत गेले आणि बाई बऱ्या झाल्या. पुन्हा ही कॅप्सूल कधीही घेऊ नका, असं डॉक्टरांनी त्यांच्या फायलीवर लिहून ठेवलं. पथ्याची सगळी शिस्त पाळणाऱ्या त्या घरात पंचेचाळीस मिलीग्रॅम काढून टाकले गेले आणि साडेनऊशे तसेच राहिले. त्या सुनेला मी कसा दोष देऊ? तिला हा फरक कुणी सांगितलेलाच नव्हता. पाकिटावर तर उलटच छापलं होतं.

असं जगात इतरत्रही झालेलं आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं अमेरिकेत एक जाळं आहे. त्यातल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक औषधांमुळे यकृत बिघडलेल्या दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांमध्ये एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे ही इजा सरसकट सगळ्यांना होत नाही, काही जणांच्या शरीराची ठेवणच अशी असते की ते या घटकावर उलटतं. इटलीत २०१९ मध्ये अशा काविळीच्या लागोपाठ नोंदी झाल्या आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयानं यकृताचा किंवा पित्ताचा आजार असलेल्यांनी हे घेऊ नये, असा इशारा पाकिटावर छापणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांकडे २०२३ च्या मध्यापर्यंत यकृताच्या त्रासाच्या १८ नोंदी होत्या, त्यांत एक मृत्यू. जगभर लाखो लोक या कॅप्सूल घेतात, त्या मानानं हे आकडे लहान आहेत आणि मी ते मोठे करून सांगणार नाही. पण आपल्याकडच्या अशा नोंदी होतात तरी किती? जी गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच जात नाही ती नोंदवणार कोण?

बाकीचे त्रास एवढे गंभीर नसतात, पण जास्त वेळा दिसतात. छातीत जळजळ, मळमळ, पातळ जुलाब, क्वचित अंगावर पुरळ. पित्ताशयात खडे असतील तर कुरकुमिननं पित्ताशय आकुंचन पावतं आणि कळ उठू शकते. मुतखडा होऊन गेलेल्यांनी हळदीची भुकटी चमच्या-चमच्यानं खाऊ नये, तिच्यात विरघळणारं ऑक्झलेट बरंच असतं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त उतरू शकते. हळद लोहाला धरून ठेवते, म्हणून रक्त कमी असलेल्या बायकांना मी नेहमी विचारते की लोहाच्या गोळीबरोबर आणखी काय घेता. गरोदरपणात जेवणातली हळद चालते. कॅप्सूल नको.

काही सुशिक्षित गिऱ्हाइकं मला वेगळंच कारण देतात. बाजारातल्या हळदीत भेसळ असते, कॅप्सूल निदान शुद्ध तरी. भेसळीची भीती खोटी नाही. हळकुंड झळकावं म्हणून पॉलिश करताना शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, लावण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीला आले आहेत. बांगलादेशात २०१९ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत ते निघालं आणि सरकारनं छापे घालून, दंड करून, दवंडी पिटून दोन वर्षांत ते प्रमाण शून्यावर आणलं. मन लावलं तर हे होऊ शकतं. पण भेसळीवर तोड म्हणजे दहा-वीसपट मात्रा पोटात घालणं नव्हे. आपण तर सांगली-साताऱ्यात राहतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खं हळकुंड घ्यावं आणि गिरणीत डोळ्यांसमोर दळून आणावं, ही सोय मुंबईकराला नाही, आपल्याला आहे.

आमच्या हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी माणूस उतरेल एवढी अरुंद आणि खाली ऐसपैस. तोंड बंद केलं की आतली हवा अशी होते की कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या आणि पुन्हा २०१९ च्या महापुरात कितीतरी पेवं गेली. लहानपणी पेव उघडताना मी पाहिलं आहे. तोंड काढल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तासन् तास ते उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी उतरणं नाही. आत आपलीच हळद होती, आपल्याच हातांनी भरलेली. तरी हमाल, शेतकरी, व्यापारी कुणी हा नियम मोडत नसे. हळदीला लक्ष्मी मानणाऱ्या या माणसांनी कोंडलेल्या हळदीपाशी इतकी खबरदारी घेतली, मग अर्क करून कोंडलेल्या हळदीपाशी आपण ती का घेऊ नये?

आपल्या परंपरेलाही माप माहीत होतं. १९९५ मध्ये हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्या बातमीनं सांगलीच्या यार्डात झालेला आनंद मला आठवतो. हळद आमची आहे, तिचे गुण आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत, हे जगानं मान्य केलं होतं. त्याच परंपरेतून उभ्या राहिलेल्या आयुर्वेदिक फार्माकोपियात हरिद्रेच्या चूर्णाची मात्रा एक ते तीन ग्रॅम लिहिली आहे. एक ते तीन ग्रॅम चूर्ण म्हणजे साधारण तीस ते नव्वद मिलीग्रॅम कुरकुमिन. परंपरेचं नाव घेऊन जी बाटली विकली जाते तिच्यात या मात्रेच्या दहापट माल असतो, हे विकणाऱ्यानं सांगायला हवं. पेटंटच्या वेळी आपण ज्ञानावर हक्क सांगितला; मात्रा हा त्या ज्ञानाचाच भाग आहे.

कायद्याची बाजूही लोकांना माहीत नसते. आमच्या फळीवर शेजारी-शेजारी दोन बाटल्या असतात, दोन्हींवर हळदीचं चित्र. एक आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेली असते. दुसरी असते आहारपूरक, म्हणजे कायद्यानं अन्न. तिच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापलेलं असतं, बारीक. गुडघ्याच्या दुखण्यासाठी ती नेणाऱ्या माणसाला मी ती ओळ वाचून दाखवते. काही जण परत ठेवतात, काही नेतात. नेणाऱ्यांना मी अडवत नाही, पण नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख त्यांच्याच चिठ्ठीच्या मागे लिहून देते, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या नजरेला पडेल. आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांनी एवढं करावं अशी माझी विनंती आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते टिकवायचं तर तिच्या नावानं जे जे विकलं जातं त्याबद्दल खरं बोलणं ही आपली जबाबदारी आहे, आणि ते आपणच आधी बोलावं. बाहेरच्यांनी बोलून मग माल परत येण्यापेक्षा ते बरं.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. स्वयंपाकात हळद बिनधास्त घाला. कॅप्सूल किंवा अर्क घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी, फिटची, मधुमेहाची किंवा अवयव बदलल्यानंतरची औषधं चालू असतील, यकृताचा किंवा पित्ताचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय मुळीच नको. घेत असताना लघवी गडद झाली, खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी कॅप्सूल थांबवा आणि बाटली घेऊन दवाखाना गाठा. आणि अशा त्रासाची नोंद करायला भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा मोफत दूरध्वनी आहे, १८००-१८०-३०२४. तिथे रुग्णाला स्वतःलाही कळवता येतं.